सत्तर पावलांची दुर्बीण

चौबळ सरांच्या जाकिटाला अकरा खिसे होते. मला ते माहीत आहे, कारण एकदा चष्मा सापडेना म्हणून त्यांनी जाकीट माझ्या हातात देऊन सगळे खिसे तपासायला लावले होते. अकराच्या अकरा रिकामे निघाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी ते सांगितलं नाही. त्यांचा त्यांना सापडेपर्यंत जाकीट धरून उभी राहिले. आमची ओळख पुढे चार वर्षं टिकली, पण तिची तऱ्हा हीच राहिली.

जाकीट फौजी होतं, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं. माणूस झाडीत दिसू नये म्हणून असतं तसलं. ते घालून सर कासार आंबोलीच्या नाक्यावर दूध आणायला निघाले की अख्ख्या रस्त्याला दिसायचे. खाली तसलीच पँट, पायात घोट्याच्या वर जाणारे बूट आणि गळ्यात एक शिट्टी. शिट्टी कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. फौजेशी त्यांचा संबंध नव्हता. पुण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं ते खरेदी खात्यात होते. नट, बोल्ट, रबरी वायसर, ग्रीसचे डबे. पण एकदा पोस्टमननं फाटकातून ‘मेजरसाहेब’ अशी हाक मारली आणि सरांनी ओ दिली. तेवढ्यावर त्यांची बढती झाली. गावात अजून त्यांना मेजर म्हणतात, आणि म्हणताना एकमेकांकडे बघतात.

त्यांचा बंगला आमच्या भातखाचरावर उभा आहे. मी नववीत असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जमीन त्यांना विकली. माझी भूगावची इंग्लिश शाळा त्यातूनच पुरी झाली, त्यामुळे मला बोलायला जागा नाही. सर शुक्रवारी यायचे, सोमवारी कोथरूडला परतायचे. मधले दिवस आबा त्यांच्या हिरवळीला पाणी घालायचे आणि बंगल्यावर लक्ष ठेवायचे. ज्या खाचरात आबांनी गुडघाभर चिखलात लावणी केली, तिथं आता ते गवत भिजवत होते, आणि ते गवत गुरांना घालायचं नव्हतं. पाहुणे आले की सर ओळख करून द्यायचे, “हे आमचे माळी.” आबा हसून मान डोलवायचे. मी त्या वेळी दुसरीकडे बघायचे.

मी त्या बंगल्यात शिरले ती सरांच्या इंग्रजीमुळे. स्पेसिफिकेशन, मार्जिन, डिलिव्हरी, रिजेक्ट या चार शब्दांवर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती, आणि ते शब्द ते रुबाबात वापरायचे. पण अख्खं वाक्य समोर आलं की अडायचे. तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही. “माझा नंबर बदललाय, अक्षरं हलतात. तू जरा वाच बेटा,” असं म्हणायचे. दर शनिवारी सकाळी आबांबरोबर मी जायची आणि मोबाइलवरची पानं त्यांना वाचून दाखवून मराठीत सांगायची. पहिल्या दोन शनिवारी मला चहा स्टीलच्या कपात आला. आबांना यायचा तसल्याच. तिसऱ्या शनिवारी माझ्यासाठी चिनी मातीचा कप आला, निळ्या फुलांचा, बशीसकट. आबांचा कप स्टीलचाच राहिला. आम्ही दोघं एकाच पायरीवर बसून दोन तऱ्हेच्या कपांतून तोच चहा प्यायचो, आणि त्याबद्दल घरी कधी बोललो नाही.

वस्तू विकत घेणं हा सरांचा खरा छंद होता. वापरणं नव्हे, घेणं. झारी घ्यायची तरी तीन दुकानांचे भाव यायचे, आलेखाच्या कागदावर तीन रकाने पडायचे. “तीन कोटेशन आल्याशिवाय मी लग्नसुद्धा केलं नाही,” असं ते एकदा हसत म्हणाले. चौबळ काकू तिथंच मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मीही मागवायला हवी होती.” काकू वर्षातून दोनदा यायच्या. त्या आल्या की मला बरं वाटायचं. सरांचं ठरलेलं वचन होतं, “वस्तू निवडताना घाई नको, वापरताना दया नको.” हे ते झारीबद्दलही म्हणायचे.

मग त्यांनी कोंबड्या आणल्या. काळ्या पिसांच्या, काळ्या मांसाच्या, महागड्या. त्यांच्यासाठी चित्रातल्यासारखं लाकडी खुराडं बांधून घेतलं, लाल छपराचं. त्याच्या दाराखाली चार बोटांची फट होती. आबांनी ती दाखवली, तेव्हा सर म्हणाले, “डिझाइनच तसं आहे. व्हेंटिलेशन.”

पंधरा दिवसांत एक कोंबडी मेली, मग दुसरी. मानेशी रक्त, बाकी पक्षी तसाच खुराड्यात पडलेला. त्या दिवशी हौसाआत्या शेळ्या घेऊन ओढ्याकडे निघाली होती. ती धनगर, माझी नात्याची आत्या नव्हे, पण मी लहानपणापासून तिला आत्या म्हणते. टेकाडाच्या पलीकडे तिचं शेळ्या कोंडायचं काट्यांचं वाडगं होतं, चाळीसेक शेळ्या आणि चित्र्या नावाचा एक कुत्रा. तिनं तारेच्या कुंपणाबाहेरूनच मेलेली कोंबडी बघितली.

“मुंगूस हाय,” ती म्हणाली.

“कोल्हा आहे,” सर म्हणाले. “मी स्वतः बघितलाय. रोज संध्याकाळी समोरच्या खडकावर येतो.”

“त्यो येतोय, व्हय. पर कोल्हा काय कोंबडी मारून हितंच ठिवून जातोय का? त्यो घरला नेतोय. ह्ये मुंगसाचं काम. ती फट बुजवा म्हंजे झालं.”

सरांनी मला विचारलं, “काय म्हणतेय ही?” हौसाआत्या मराठीत बोलत होती. मी म्हणाले, “मुंगूस असेल म्हणतात.” सरांनी हात झटकला. मुंगसासाठी फळीचा तुकडा आणि चार खिळे लागले असते. त्याची तीन कोटेशनं कशी मागवणार?

कोल्ह्यासाठी मात्र बंदूक लागणार होती. ती त्यांच्याकडे होती. कपाटात, मखमली पिशवीत. त्यांनी ती बाहेर काढली तेव्हा मी खरंच घाबरले. परवान्याशिवाय मिळणारी छर्र्यांची बंदूक होती ती, नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबायची. सर तिला रायफल म्हणायचे. हौसाआत्यानं ती पहिल्यांदा बघितली तेव्हा पदर तोंडाला लावून हसली. “जत्रंत फुगं फोडाया ठिवत्यात, तीच की ही!” आबांनी तेवढं धाडस केलं. म्हणाले, “साहेब, कोल्ह्याला हात लावायला बंदी हाय. फॉरेष्टवालं गाडी घिऊन येत्यात.”

“मारुतराव, मी शिकार करत नाहीये. मालमत्तेचं रक्षण करतोय.” आणि मग माझ्याकडे वळून, “आता फक्त स्कोप हवा.”

स्कोप म्हणजे बंदुकीवर बसवायची दुर्बीण. दिवाळीनंतर सुरुवात झाली आणि शिमगा आला तरी निवड चालू होती. आपल्याकडच्या दुकानदारांवर त्यांचा विश्वास नव्हता. “हे लोक फुगेच विकणार,” म्हणायचे. त्यामुळे ते अमेरिकेतल्या शिकाऱ्यांची पानं शोधायचे आणि मी ती वाचायची. त्या पानांवर सगळीकडे एकच जनावर होतं.

“कोयोट म्हणजे कोल्हाच ना?”

“नाही सर. तिकडचा वेगळा प्राणी आहे. दिसायला कोल्ह्यासारखा.”

“साइझ?”

“थोडा मोठा असतो बहुतेक.”

“उत्तम. म्हणजे आपल्याला मार्जिन राहील.”

ते मार्जिन कोणाच्या बाजूनं राहतं, याचा मी बराच वेळ विचार करत बसले.

ती पानं लिहिणारी माणसं मोकळ्या माळावर राहत होती. तीनशे यार्डांवरचं जनावर, बर्फावरचा उजेड, भल्या पहाटेचं धुकं, काचेचा व्यास किती हवा, आत रेघांची फुली बारीक हवी की जाड. सर डोळे मिटून ऐकायचे. आमच्या टेकाडावर कधी बर्फ पडला नव्हता, आणि व्हरांड्याच्या कठड्यापासून त्या खडकापर्यंत माझी सत्तर पावलं होती. सत्तर हे मला ठाऊक आहे, कारण त्यांनी मला ती चालून मोजायला लावली. मी ओढा ओलांडून खडकाला हात लावून परत आले, ओली चप्पल पायात. त्यांनी वहीत लिहिलं, ‘रेंज : सत्तर.’ पुढे कंसात माझं नाव, मोजमाप घेणारी व्यक्ती म्हणून.

एका पानावर काही शहाणं लिहिलेलं होतं. मी ते सांगितलं. “सर, इथं म्हटलंय की जवळच्या अंतराला कमी ताकदीची दुर्बीण बरी. जनावराच्या आजूबाजूचं दिसत राहतं.”

“आजूबाजूचं मला काय करायचंय? मला कोल्हा हवाय.”

आणि त्यांनी तिसऱ्या रकान्याखाली बरोबरची खूण केली. सगळ्यात जास्त ताकदीची, सगळ्यात लांब, सगळ्यात जड.

त्या खडकाबद्दल सांगायला हवं. काळा, सपाट खडक आहे, चुलीवरच्या तव्यासारखा. हौसाआत्याच्या सासूच्या आधीपासून त्यांच्यात एक रीत आहे. शेळी व्याली की पडलेली वार पुरायची नाही, वाडग्याजवळ टाकायची नाही. लांब नेऊन त्या खडकावर ठेवायची. एखादं करडू मेलं तर तेही तिथंच. कोल्हा तिथं येऊन खातो आणि तिथूनच परत जातो. “त्येचा वाटा त्येला दिला का त्यो आपला मागत न्हाई,” असं आत्या म्हणायची. कुत्र्यालाही ते शिकवलेलं होतं. चित्र्या खडकाच्या डाव्या बाजूला करवंदीच्या जाळीपाशी बसून राहायचा, कोल्ह्याचं खाणं होईपर्यंत. भुंकायचा नाही, पुढे जायचा नाही. बसल्या जागी कान टवकारून फक्त दाखवायचा, की मी इथं आहे. कोल्हाही त्याच्याकडे एकदा बघून घ्यायचा. मी लहान असताना तासन्‌तास हे बघत बसायची. तेव्हा बंगला नव्हता. वस्तीपासून लांब म्हणूनच ती जागा ठरलेली होती. बंगला नंतर येऊन त्या लांबपणाच्या मधोमध बसला, आणि आता कोल्हा आपल्या हद्दीत येतो अशी सरांची तक्रार होती.

दुर्बीण आली त्या शनिवारी सरांनी पेढे वाटले. हौसाआत्या ओढ्यावर होती, तिलाही शिट्टी मारून बोलावलं. त्या शिट्टीचा मी पाहिलेला हा एकमेव उपयोग. त्यांनी दुर्बीण तिच्या डोळ्याला लावली. आत्यानं बराच वेळ बघितलं.

“काय दिसतंय?” सरांनी विचारलं.

“क्यास.”

“कसले केस?”

“आमच्या चंद्रीचं आसत्याल. निस्ती पाठ दिसतीया. डोस्कं कुटं गेलं तिचं?” तिनं दुर्बीण खाली केली आणि टेकाडाकडे बघितलं. “आता बगा, हितनं सगळी शेरडं दिसत्यात, डोस्क्यासकट. ह्यो पेढा मातर ग्वाड हाय, सायेब.”

ती गेल्यावर सरांनी खोक्यातलं माहितीपत्रक माझ्यापुढे टाकलं. बारीक अक्षरात आठ पानं होती. “सगळं वाच. एक शब्द सोडू नकोस.” मी वाचत गेले. काच कशी पुसायची. पाण्यात बुडवू नये. सूर्याकडे रोखू नये. सर मध्येच म्हणाले, “आता पुढची शेळी व्याली ना, की तो खडकावर येणार. बसलेलं टार्गेट, सत्तर पावलं, हलणार नाही. आता बघच.”

पाचव्या पानावर, खालून चौथ्या ओळीत लिहिलं होतं, की ही दुर्बीण स्प्रिंगच्या छर्रा-बंदुकीवर लावू नये. अशा बंदुकीचा धक्का आधी मागं आणि मग पुढं बसतो, त्यानं आतल्या काचा आणि रेघा जागच्या सरकतात, नेम चुकतो. तसं झालं तर हमी लागू नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली, मनात. मग पान उलटलं आणि सहाव्या पानावरचं वाचू लागले, पत्ता आणि तक्रारीसाठीचा फोन.

मला वाटलं होतं की मी कोल्ह्याला वाचवलं. मनातून फार हुशार वाटत होतं मला. चहा आला, निळ्या फुलांच्या कपात, आणि तो मी मजेत प्यायले.

पुढचे दोन शनिवार सरांनी आंब्याला करवंट्या टांगून नेम धरला. पहिले पाच-सहा छर्रे बरे लागले. मग छर्रे डावीकडे जाऊ लागले. आधी चार बोटं, मग वीतभर, मग हातभर. सर प्रत्येक वेळी स्क्रू पिळायचे आणि म्हणायचे, “वारा. लिहून ठेव, डावीकडे वारा.” आंब्याचं पान हलत नव्हतं. मी लिहायची, ‘डावीकडे वारा.’ त्या वहीत अशा एकोणीस नोंदी माझ्या अक्षरात आहेत. आबा हिरवळीवर पाणी मारत असायचे. एकदा ते माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, “फुगं वाचलं म्हनायचं.” आम्ही दोघं हसलो. त्या घरात आम्ही एकत्र हसलो ते तेवढंच.

पाडव्यानंतर एका दुपारी हौसाआत्याची चंद्री व्याली. तिन्हीसांजेला सरांनी आबांना मला आणायला पाठवलं. मी वही घेऊन व्हरांड्यात उभी राहिले. सरांनी जाकीट, टोपी, सगळं चढवलेलं होतं. बंदूक कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर टेकवली होती. उशीवर काकूंनी भरलेले मोर होते.

उजेड अजून होता. खडकावर वार ठेवलेली दिसत होती. चित्र्या जाळीपाशी येऊन बसला, नेहमीच्या जागी, डावीकडे. थोड्या वेळानं ओढ्याच्या अंगानं कोल्हा आला. बारीक, जरा लंगडणारा. खडकावर चढण्याआधी त्यानं कुत्र्याकडे बघितलं, कुत्र्यानं त्याच्याकडे. मग त्यानं मान खाली घातली.

सरांनी एक डोळा मिटला होता आणि दुसरा दुर्बिणीला लावला होता. त्यांना केस दिसत असणार. मला सगळं दिसत होतं. खडक, कोल्हा, जाळी, कुत्रा आणि पलीकडून डोक्यावर पेंढी घेऊन येणारी आत्या. ‘सर, डावीकडे कुत्रा आहे.’ चार शब्दांचं वाक्य. ते माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं. मी ओठही हलवले. एकदा नाही, दोनदा.

फट्ट.

कोल्हा उडी मारून नाहीसा झाला. चित्र्या ओरडला नाही. आधी जागच्या जागी गोल फिरला, पंजानं तोंड पुसल्यासारखं केलं, आणि मग ओरडला. हौसाआत्यानं पेंढी टाकली आणि पळत सुटली.

ती कुत्र्याला उचलून कुंपणापाशी आली तेव्हा तिच्या लुगड्याच्या पदराला रक्त होतं. चित्र्याचा डावा डोळा गेला होता. सर बंदूक हातात घेऊन पायरीवर उभे होते. आत्या शिव्या देईल असं मला वाटलं होतं. ती नुसती बघत राहिली. तिचं ते बघणं सरांना सहन होईना.

“स्कोपमध्ये कुत्रा नव्हताच,” ते म्हणाले. “मी शपथेवर सांगतो. फुली कोल्ह्यावर होती.”

“मग छर्र्याला कुनी सांगितलं तिकडं जा म्हनून?”

“विंड होता. लेखी नोंद आहे. बेटा, वही दाखव.”

मी वही पाठीमागे धरली. सरांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. “त्या पत्रकात काही होतं का गं? असं काही होऊ शकतं वगैरे?”

“नाही,” मी म्हणाले.

पौडच्या जनावरांच्या डॉक्टरनं डोळा काढून टाकला. आबा टेम्पोतून बरोबर गेले होते. दुसऱ्या शुक्रवारी सरांनी त्यांच्या हाती कुत्र्याच्या बिस्किटांचा एक पुडा हौसाआत्यासाठी पाठवला. पुड्यावर गुबगुबीत विलायती कुत्रा होता. आबांनी तो नेऊन दिला नाही. आमच्या फडताळात ठेवला. “लाज वाटती,” एवढंच म्हणाले. पुडा अजून तिथं आहे.

त्यानंतर कोल्हे खडकावर यायचे थांबले. आत्या दोनदा वार ठेवून आली, दोन्ही वेळा कावळ्यांनी खाल्ली. पण कोल्ह्यांचं पोट तर थांबत नाही. तीन आठवड्यांनी तिच्या वाडग्यातून एक करडू गेलं. मग चंद्रीचं पाट गेलं, छर्रा सुटला त्या दुपारी जन्मलेलं मादी करडू. डाव्या बाजूनं काही आलं तर चित्र्याला आता दिसत नव्हतं. इतक्या वर्षांत वाडग्याला असा हिसका पहिल्यांदाच बसला होता. पावसाआधी आत्यानं वाडगं मोडलं आणि टेकाडाच्या वरच्या अंगाला नेलं. तिथं पाणी नाही. रोज दोन वेळा ओढ्यापर्यंत उतरायचं आणि चढायचं. तिचं वय साठीच्या पुढे आहे.

चौबळ सर पाहुण्यांना सांगायचे, “इथं पूर्वी कोल्ह्यांचा फार त्रास होता. मी आल्यावर बंद झाला.” कोंबड्या मात्र मरतच होत्या. दर आठवड्याला एक, मानेशी रक्त, बाकी पक्षी तसाच. शेवटी उरलेल्या चार त्यांनी कोणाला तरी देऊन टाकल्या आणि म्हणाले, ब्रीडच कमकुवत होतं.

पुढे मला हिंजवडीत नोकरी लागली, भूगावला मैत्रिणींबरोबर खोली घेतली. शनिवार बंद झाले. गेल्या थंडीत मी घरी आले होते तेव्हा आबा म्हणाले, “साहेबांनी बोलावलंय तुला.” मी गेले. मनात काहीतरी होतं, की आता या माणसाला काही वाटलं असेल. वय झालं होतं, जाकीट सैल झालं होतं.

टेबलावर ते माहितीपत्रक उघडं होतं. पाचवं पान. खालून चौथी ओळ लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेली. कोणाकडून तरी वाचून घेतली होती. मोबाइलला दाखवलं की हल्ली तोही वाचून दाखवतो.

“हे तू मला सांगितलं नाहीस.”

आता ते कुत्र्याचं नाव घेतील, असं मला वाटलं. घेतलं असतं तर मी रडले असते, आणि आयुष्यभर त्यांना चांगला माणूस म्हणाले असते.

“वॉरंटी गेली,” ते म्हणाले. “वर्षभरात स्कोप बदलून घेता आला असता. मी तुझ्या इंग्लिशवर विश्वास ठेवला.”

चहा आला. माझ्यापुढे स्टीलचा कप होता. तो मी सगळा प्यायले, कप नळावर विसळून उपडा घातला, आबा घालतात तसा, आणि निघाले.

बांधावर हौसाआत्या भेटली. शेळ्या पाणी पिऊन वर निघाल्या होत्या, चित्र्या मागं. मी तिला सगळं सांगितलं. पत्रक, पाचवं पान, मी उलटलेलं पान, ओठांपर्यंत आलेलं वाक्य. सांगताना मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. वाटत होतं, ती म्हणेल, जाऊ दे पोरी, तू कोल्ह्यापायी केलंस.

तिनं पूर्ण ऐकलं. काठीनं एका शेळीला वळवलं. मग म्हणाली, “त्या येड्याला इंग्लिश वाचून दावायला लागतंय, ठावं हाय मला. पर ‘नगं मारू’ म्हनायला इंग्लिश लागतंय व्हय गं?”

तिनं थांबून उत्तराची वाट बघितली नाही. शेळ्या पुढे गेल्या होत्या.

मी वळून बंगल्याकडे बघितलं. चौबळ सर व्हरांड्यात आले होते. बंदूक नव्हती, नुसती दुर्बीण हातात होती. एक डोळा घट्ट मिटून ती त्यांनी दुसऱ्या डोळ्याला लावली होती आणि रिकाम्या खडकावर रोखली होती. चित्र्या चालता चालता थांबला. डावीकडचं दिसत नाही म्हणून तो आता अख्खं अंग वळवून बघतो. तसा तो वळला, जुन्या जागी जाळीपाशी जाऊन बसला आणि उरलेल्या डोळ्यानं बंगल्याकडे बघत राहिला.

सरांना तो दिसला नाही. मला सगळं दिसत होतं, आणि मी अजून गप्पच होते.